मीठ, दगड आणि कोक



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी या गावाच्या दोन पिढ्यांना रसायनशास्त्र शिकवलं. म्हणून मीही रसायनाचाच विषय घेतला आहे, पण पाठ्यपुस्तक जिथे थांबतं तिथून पुढचा. सॉल्वे पद्धतीचं समीकरण पुस्तकात एका ओळीत संपतं. मीठ आणि चुनखडी घातली की सोडा अ‍ॅश आणि कॅल्शियम क्लोराइड मिळतं. माझी सारी नोकरी या समीकरणाच्या डाव्या बाजूला गेली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर कच्च्या मालाच्या खरेदीत मी काम केलं. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. सोड्याच्या कारखान्याचं नशीब खाणीत आणि मिठागरात ठरतं, आणि तिथला जो माल आपण स्वस्त म्हणून घेतो, त्याच्या किमतीतला काही भाग आपल्याऐवजी दुसरं कोणी तरी भरत असतं.

सोडा अ‍ॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट. आपल्या घरात तो धुण्याच्या सोड्याच्या रूपाने ओळखीचा. कपडे धुण्याच्या पावडरीत तो असतोच, पण त्याचं मोठं गिऱ्हाईक काच आहे. वाळू एकटी वितळवायची तर 1,700 अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. सोडा घातला की ती बऱ्याच कमी उष्णतेत वितळते. खिडकीचं तावदान, औषधाची बाटली, सौर पॅनेलवरची काच, यातलं काहीच सोड्याशिवाय होत नाही.

महाराष्ट्राला काचेच्या महत्त्वाची जाणीव फार लवकर झाली होती. स्वदेशीच्या चळवळीत पैसा पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो 1908 साली. पुढे 1916 मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला. वाळू आपली, कारागीर आपले, भांडवल आपलं. पण त्या वर्षांत या देशात सोडा अ‍ॅशचा एकही कारखाना नव्हता. काचेतला हा मुख्य क्षार बोटीने यायचा. स्वदेशीतली ही उणीव त्या काळच्या जाणत्या मंडळींना टोचत असणार. ती भरून काढायची सुरुवात 1925 साली ध्रांगध्रा संस्थानात झाली.

आता मुद्द्याचा प्रश्न. शाळेत आपण शिकलो की महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे. मग सोड्याचे मोठे कारखाने सगळे सौराष्ट्रात का? पोरबंदर, सुत्रापाडा, मिठापूर, भावनगर, आणि आपल्याकडे एकही नाही? याचं उत्तर उद्योगधोरणात शोधू नका. ते पावसात आणि खडकात आहे.

एक टन सोडा अ‍ॅश करायला हिशेबाने 1.1 टन मीठ पुरायला हवं. प्रत्यक्षात दीड ते पावणेदोन टन लागतं, कारण या प्रक्रियेत चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त मीठ रूपांतर न होताच बाहेर पडतं. चुनखडी हिशेबाने 0.94 टन, प्रत्यक्षात सव्वा टनाच्या आसपास. म्हणजे एक टन पांढऱ्या भुकटीसाठी जवळजवळ तीन टन माल दारात आणावा लागतो, आणि कोळसा त्याशिवाय. दिवसाला 1,000 टनांचा कारखाना धरा. 1,600 टन मीठ, 1,300 टन दगड, 100 टन कोक. 25 टनी हायवा ट्रक धरला तर रोज 120 गाड्या, रात्रंदिवस दर बारा मिनिटांनी एक. हा माल इतका स्वस्त असतो की दीडदोनशे किलोमीटर वाहून आणला तर भाडं मालाच्या किमतीला गाठतं. म्हणून सोड्याचा कारखाना बाजारपेठेजवळ बांधत नाहीत, तो मिठाच्या आणि दगडाच्या जवळ बांधतात.

रत्नागिरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मिठापूरच्या ओखामंडळात तो सरासरीने 500 च्या आत. उरण-पेणच्या मिठागरांत काम डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास हाती लागतं आणि मे अखेरीस आवरतं घ्यावं लागतं. तिकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत ऊन आणि कोरडा वारा. दुसरं, कोकणचा खडक म्हणजे काळा पाषाण आणि जांभा. आपल्या पूर्वजांनी किनाऱ्यावर चुना भाजला तो शिंपल्यांचा, कारण चुनखडी नव्हतीच. महाराष्ट्रातली चांगली चुनखडी यवतमाळ-चंद्रपूरकडे आहे, समुद्रापासून सातशे-आठशे किलोमीटर आत. तिथे सिमेंटचे कारखाने झाले ते योग्यच झालं. सोड्याला मीठ आणि दगड एका जागी लागतात, आणि ही जोडी निसर्गाने काठेवाडला दिली.

पण या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, आणि त्याचं नाव इथे घेतलंच पाहिजे. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा तुकडा होता, मुख्य मुलखापासून तुटलेला, दुष्काळी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड या तुकड्याचे धनी. त्यांच्या राजवटीत कपिलराम वकील या रसायनतज्ज्ञाने 1920 च्या दशकात तिथे मीठ पिकवायला सुरुवात केली, आणि त्याच जागेवर 1939 च्या जानेवारीत टाटा केमिकल्सची स्थापना झाली. फेब्रुवारीत सयाजीराव गेले. मिठापूरचा सोडा त्यांना पाहायला मिळाला नाही.

मीठ आणि दगड होता, तरी कृती कोणी सांगेना. अर्नेस्ट सॉल्वे यांनी 1861 साली बेल्जियममध्ये पेटंट घेतलं, आणि त्यानंतर सॉल्वे आणि त्यांच्या परवानाधारक कंपन्यांनी प्रत्यक्ष कारखाना चालवण्याची विद्या कुलूपबंद ठेवली. समीकरण सगळ्यांना माहीत, पण खाऱ्या पाण्यात वायू मिसळणारे मनोरे तुंबले तर काय करायचं ते कोणालाच माहीत नाही. चीनमधल्या तांगगू इथे हौ देबांग या अभियंत्याने वर्षानुवर्षं झगडून ती विद्या स्वतः उभी केली आणि 1933 मध्ये पुस्तक लिहून जगासमोर मांडली. पुढे चाळीसच्या दशकात टाटांनी त्यांचा सल्ला घेतला. एका माणसाने गुपित उघडं केल्यामुळे दोन गरीब देशांना सोडा मिळाला, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

आता मिठाकडे येऊ. 1,000 लिटर समुद्राच्या पाण्यात खाण्याचं म्हणतात ते मीठ साधारण 27 किलो असतं. एक टन सोड्याच्या 1.6 टन मिठासाठी म्हणजे 60,000 लिटर पाणी उन्हाला द्यायचं. आमच्या हजार टनी कारखान्यासाठी रोजचं सहा कोटी लिटर. हे काम कुठलीही भट्टी करू शकत नाही, सूर्यच करतो. भरतीचं पाणी मोठ्या तळ्यांत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकवतात. घनता मोजणाऱ्या बॉमेच्या काट्यावर समुद्राचं पाणी 3 अंशांच्या आसपास असतं. वाटेत जिप्सम खाली बसतं. 25 अंशांना मीठ धरायला लागतं आणि 29-30 झाले की उरलेलं कडू पाणी सोडून द्यावं लागतं. ते वेळेवर सोडलं नाही तर त्यातलं मॅग्नेशियम मिठाला चिकटतं.

इथे खरेदीदाराचं खरं काम सुरू होतं. खारं पाणी मनोऱ्यात जाण्याआधी त्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम काढावंच लागतं, नाही तर नळ्यांत थर बसतात. चुना-सोडा पद्धतीने शुद्ध केलं तर एक किलो मॅग्नेशियम काढायला सुमारे तीन किलो विरवलेला चुना आणि वर 4.4 किलो सोडा अ‍ॅश खर्च होतो. आपण विकायला बनवलेला माल आपणच खातो! मिठात मॅग्नेशियम 0.1 टक्का असेल तर टनभर सोड्यामागे सात किलो सोडा जातो. 0.3 टक्के असेल तर एकवीस. हजार टनी कारखान्यात हा फरक रोजचा चौदा टन. गाडीमागे दहा-वीस रुपये वाचवून आणलेलं मीठ रोज चौदा टन सोडा गिळत असेल तर ती खरेदी स्वस्त कशी म्हणायची? मी तरुण खरेदी अधिकाऱ्यांना दर विचारायच्या आधी मॅग्नेशियम विचारायला सांगत असे.

यावर जुना, उत्तम उपाय आहे, आणि तो आगरातल्या लोकांना प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत आहे. ताजं मीठ लगेच वापरायचं नाही. मोठे ढीग रचून एक पावसाळा तसेच ठेवायचे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओघळून जातं. ढिगाच्या वरचा वीतभर थर विरघळतो, पुन्हा घट्ट होतो, आणि त्याचं कवच बनतं. दसऱ्याच्या सुमारास ते कवच फोडायला पहार लागते. आतलं मीठ निघतं ते पांढरं, मोकळं, कोरडं. थोडं वजन पावसात गेलेलं असतं, पण जे गेलं ते जायलाच हवं होतं. यासाठी वर्षभराचा साठा आणि त्यात अडकलेला पैसा लागतो. हिशेबनीस दरवर्षी त्यावर बोट ठेवतात. मला विचाराल तर त्या ढिगात अडकलेल्या पैशाइतका चांगला गुंतलेला पैसा कारखान्यात दुसरा नसतो.

दगडाची गोष्ट मिठाहून नाजूक आहे. या कारखान्याला चुनखडीतून दोन वस्तू हव्या असतात. भाजल्यावर निघणारा कार्बन डाय ऑक्साइड मनोऱ्यात लागतो आणि मागे राहणारा चुना प्रक्रियेत फिरणारा अमोनिया परत मिळवायला लागतो. म्हणून बाजारातला तयार चुना आणून भागत नाही, दगडच हवा, आणि तो आपल्याच भट्टीत भाजायला हवा.

सौराष्ट्राच्या किनाऱ्याला मिलिओलाइट नावाचा चुनखडक आहे, सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा बनलेला. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींच्या कोरीव कामात जो पिवळसर पोरबंदरी दगड दिसतो, तोच हा. पण एका खाणीतला दगड दुसऱ्यासारखा नसतो, एवढंच काय, एकाच खाणीतला वरचा थर खालच्यासारखा नसतो. दोन खाणींचं उदाहरण घ्या. पहिलीत कॅल्शियम कार्बोनेट 95 टक्के आणि सिलिका दीड. दुसरीत 88 आणि सिलिका सहा. दुसरीचा दर दहा टक्क्यांनी कमी. कागदावर फरक सात टक्क्यांचा, दर दहाने कमी, म्हणजे दुसरी फायद्याची. पण भट्टीत सिलिका स्वस्थ बसत नाही. एक किलो सिलिका जास्तीत जास्त 1.87 किलो चुना धरून ठेवू शकते, आणि तो चुना मग पाण्याशी बोलत नाही. पहिल्या दगडाच्या 100 किलोंतून 53 किलो चुना निघतो, त्यातून तीन वजा, उरले 50. दुसऱ्यातून 49 निघतो, त्यातून 11 वजा, उरले 38. सातचा फरक चोवीसचा झाला. शिवाय तो निरुपयोगी भाग तापवायला कोक जळाला तो वेगळाच, आणि सिलिका-चुन्याचे वितळलेले गठ्ठे भट्टीच्या भिंतीला चिकटले तर भट्टी थंड करून फोडावी लागते. दगडाचा दर टनावर ठरवणं ही या धंद्यातली सर्वांत महाग सवय आहे. दर हाती लागणाऱ्या चुन्यावर ठरवला पाहिजे.

आकाराचंही तसंच. उभ्या भट्टीत दगड आणि कोक थर देऊन वरून टाकतात, हवा खालून वर जाते. दगड साधारण मुठीएवढा ते दोन मुठींएवढा हवा. चुरा आला तर वाट बुजते आणि मधला दगड कच्चा राहतो. फार मोठा धोंडा आला तर बाहेरून भाजतो, पोटात दगडच राहतो. वजनकाट्यावर आमचा एक जुना तपासनीस होता. गाडीच्या तळातून चार दगड काढायचा, वरचे कधीच घ्यायचा नाही. हातोडीने फोडायचा आणि ताज्या भेगेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. चुनखडी असेल तर थेंब जोरात फसफसतो. डोलोमाइट असेल तर कुरकुरत, सावकाश बुडबुडे येतात. प्रयोगशाळेचा अहवाल संध्याकाळी यायचा, याचा निकाल गाडी काट्यावरून उतरायच्या आत. ठेकेदार त्याच्याशी हुज्जत घालत नसत.

कोकबद्दल थोडक्यात. टनभर दगडाला 70-80 किलो कोक लागतो. साधा कोळसा चालत नाही, कारण त्याचा डांबरी धूर वायूत मिसळतो आणि तोच वायू पुढे मनोऱ्यात जायचा असतो. पूर्वी हा कोक झरियाकडून रेल्वेने यायचा, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सौराष्ट्रात तेव्हा मीटरगेज होती, विरमगामला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे आणि प्रत्येक हाताळणीत कोक फुटून चुरा होई. नंतर बंदरांतून परदेशी कोक येऊ लागला आणि वाघिणींची वाट पाहायची जागा जहाजांच्या भाड्याने आणि डॉलरच्या भावाने घेतली. अमोनियाचं उलट आहे. टनामागे सव्वातीनशे किलोंच्या वर अमोनिया फिरत असतो, पण तो पुन्हा पुन्हा परत मिळतो. विकत घ्यावा लागतो तो गळतीपुरता, काही किलो. अमोनियाची खरेदी वाढली की समजावं, दोष बाजारात नाही, आपल्या नळ्यांत आहे.

गोडं पाणी मात्र विकतही मिळत नाही. साठच्या दशकातल्या दुष्काळात मिठापूरची तळी आटली, तेव्हा टाटा केमिकल्सच्या दरबारी सेठ यांनी गोड्या पाण्याची गरज मुळातून कमी करून, जमेल तिथे समुद्राचं पाणी वापरून कारखाना टिकवला. ज्या मुलखात बाया हंडा घेऊन चालतात, तिथे कारखान्याने असंच वागायला हवं.

आता कोणी विचारेल, ही सगळी यातायात कशाला, सोडा जमिनीत मिळतो ना? मिळतो. अमेरिकेत वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खोऱ्यात 1938 साली तेल शोधताना ट्रोना या सोड्याच्या खनिजाचे थर सापडले. तुर्कस्तानात बेपाझारीला आहेत, केनियात मगादी तळं आहे. ट्रोनाला मीठ नको, दगड नको, अमोनिया नको, भाजलं आणि शुद्ध केलं की सोडा. आपल्याकडे बुलढाण्याचं लोणार आहे. त्या खाऱ्या तळ्याच्या काठचा खार लोक उन्हाळ्यात गोळा करत, आणि काच व साबणाला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. पण लोणारच्या तळ्याचा आवाका लहान. आजच्या एका कारखान्याची भूक त्याने कधीच भागली नसती. ते आज अभयारण्य आहे, रामसर स्थळ आहे, आणि तसंच राहावं. भारताला सॉल्वेचीच वाट चालावी लागणार, आणि त्या वाटेवर स्वस्त ट्रोनाशी रोज स्पर्धा करावी लागणार. म्हणूनच कच्च्या मालाच्या दरावर एवढा दाब येतो, आणि तो दाब सरळ खाली जातो.

कुठे जातो ते सांगतो. कच्छच्या छोट्या रणात ध्रांगध्राजवळ कुडा, खाराघोडा या भागात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवणारे अगरिया पाऊस संपला की कुटुंबासह रणात जातात आणि उन्हाळ्यात परततात. सहा-सात महिने झोपडीत, शाळा दूर, दवाखाना दूर, प्यायचं पाणी टँकरने. हंगामाच्या आधी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली, त्यामुळे दर ठरवायला तोंड उरत नाही. त्यांचा सर्वांत मोठा खर्च होता पंपाच्या डिझेलचा. अलीकडे सौर पंप आले आणि तो भार हलका झाला, ही मी पाहिलेल्या बदलांतली सर्वांत आनंदाची गोष्ट. पण मिठाच्या दरात वाढ मागितली की आजही पहिलं उत्तर मिळतं ते ट्रोनाचा भाव.

दगडाची किंमतही अशीच दुसऱ्याच्या खात्यात पडते. मिलिओलाइट सच्छिद्र आहे. पावसाचं गोडं पाणी तो पोटात धरतो, विहिरींना देतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. किनाऱ्याजवळ तो खोल खणला, वर पंपांनी उपसा केला, की खारं पाणी आत सरकतं. सौराष्ट्राच्या किनारपट्टीतल्या किती तरी विहिरी अशा खारावल्या. शेतीचा उपसा त्याला कारण आहे, खाणीही आहेत. नारळाच्या बागा सुकतात. त्याची नोंद कुठल्याही खरेदी आदेशात नसते.

आणि समीकरणाची उजवी बाजू. टनभर सोड्यामागे टनभर कॅल्शियम क्लोराइड निघतं, सोबत न वापरलेलं मीठ आणि गाळ, साधारण दहा घनमीटर द्रव. त्याला पुरेसं गिऱ्हाईक नाही. गाळ बसवून पाणी समुद्रात सोडतात. मिठापूरला गाळातून सिमेंट करण्याची सोय झाली, ती इतरांनी अभ्यासावी अशी आहे. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठाला प्रवाळ आहेत, सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला समुद्र फुकटचा नाला नव्हे. माझ्या मते मिठाचा वापर टनामागे शंभर किलोंनी कमी करणं हाच समुद्राला वाचवायचा सर्वांत थेट मार्ग आहे, कारण जे मीठ विकत घेतलं नाही ते समुद्रात परत सोडावंही लागत नाही.

इथे बसलेल्यांत रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. तुमच्यातले काही जण उद्या अशा कारखान्यांत जातील, आणि मनोरा, नियंत्रण कक्ष, पडद्यावरचे आकडे तुम्हाला बोलावतील. त्याआधी एक हंगाम मिठागरात आणि खाणीत मागून घ्या. आणि खरेदीचा करार तुमच्या हातात आला, की त्यात तीन रकाने वाढवा: चुन्याच्या आणि मॅग्नेशियमच्या हिशेबाने दर, खाण बुजवून त्यात गोडं पाणी साठवण्याचा टनामागचा खर्च, आणि अगरियाला हंगामाआधी बिनव्याजी उचल. हे तिन्ही रकाने भरूनही सोडा विकता येतो. मी ते आकडे मांडून पाहिले आहेत. तुम्हीही मांडून पाहा आणि वरिष्ठांसमोर ठेवा.